शब्दशंका : खून, हत्या की वध?

या वेळच्या टपालात खानदेशातून आलेली बरीच पत्रे एकाच अर्थाच्या शब्दांभोवती फिरणारी होती. राजकीय हेतूने कुणाला ठार मारले, तर त्याला मराठीत नेमके काय म्हणायचे? म्हणून हा संपूर्ण अंक त्याच शंकांना दिला आहे. पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

‘असॅसिनेशन’ला मराठीत एकच शब्द हवा आहे. भाषांतराच्या पेपरात मी ‘खून’ लिहिले तर मित्र म्हणतो ‘हत्या’ लिही. एका जुन्या कोशात ‘वध’ दिसला. परीक्षेत काय लिहू? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धुळे)

‘राजकीय हत्या’ लिहा. व्यक्ती प्रसिद्ध असेल आणि वाक्यातून हेतू कळत असेल तर नुसते ‘हत्या’ पुरते. ‘इंदिरा गांधी यांची ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी हत्या झाली’ या वाक्यात ‘राजकीय’ घालण्याची गरज नाही.

मराठीत या अर्थाचा एकच एक शब्द नाही, आणि ही उणीव आहे असे आम्हांला वाटत नाही. इंग्रजी शब्दात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. मारलेली व्यक्ती सार्वजनिक जीवनातली असते. मारण्याचा हेतू तिच्या पदाशी, पक्षाशी किंवा विचाराशी जोडलेला असतो. आणि कृत्य ठरवून, त्या एका व्यक्तीवर नेम धरून केलेले असते. भाषांतर करताना या तिन्हींची खात्री करा. एक जरी गळली तरी शब्द बदलावा लागतो. दंगलीत सापडून नगरसेवक मेला, तर पद आहे, पण नेम नाही. आमदाराला सख्ख्या भावाने वाटणीच्या भांडणात मारले, तर पद आहे, नेमही आहे, पण हेतू राजकीय नाही. या दोन्ही ठिकाणी ‘राजकीय हत्या’ चुकेल.

याच कसोटीने एकाच घटनेतल्या दोन मृत्यूंना दोन शब्द लागतात. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंचा नेम प्लेग अधिकारी रँडवर होता. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट चुकून मारला गेला. रँडची हत्या राजकीय, आयर्स्टचा मात्र खून. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींबरोबर इतरही अनेकांचे जीव गेले. ‘राजीव गांधींसह अनेकांची राजकीय हत्या’ असे लिहिले तर त्या माणसांच्या मृत्यूचे कारणच चुकीचे सांगितले जाते. ‘राजीव गांधींची हत्या झाली, त्या स्फोटात इतरही अनेक जण मृत्युमुखी पडले’ असे लिहावे.

‘घातपात’ हा पर्याय मात्र बाजूला ठेवा. रुळाच्या फिशप्लेटा काढल्या, पूल उडवला, यंत्र मुद्दाम बिघडवले, तर तो घातपात. माणसाच्या बाबतीत तो संशयापुरता येतो: ‘मृत्यूमागे घातपात असावा’. संशय फिटून प्रकार सिद्ध झाला की ‘घातपात’ संपतो आणि ‘खून’ किंवा ‘हत्या’ सुरू होते.

अफझलखानाचा ‘वध’, नारायणराव पेशव्यांचा ‘खून’ आणि गांधीजींची ‘हत्या’. तिघेही राजकारणातले, तिघेही मारले गेले, मग तीन शब्द का? वर्गात मुलांनी विचारले तर काय सांगावे? (निवृत्त शिक्षिका, अमळनेर)

तुमच्या प्रश्नातले तिन्ही शब्दप्रयोग मराठीत पक्के रुळले आहेत, आणि तिन्हींतून शब्दांचा स्वभाव दिसतो. त्यामुळे उत्तर जरा सावकाश देतो.

‘हत्या’ आणि ‘वध’ या दोन्ही शब्दांची मुळे ‘हन्’ म्हणजे मारणे या एकाच धातूकडे जातात. पाणिनीने ‘हत्या’ची सिद्धी ‘हनस्त च’ या सूत्रात दिली आहे. तिथे हा शब्द आधीच्या पदाला चिकटून येतो: ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या. म्हणजे हत्या कुणाची, हे शब्दातच सांगितलेले, आणि मेलेला जीव मारू नये असा. ‘हत्ये’ला पापाचा वास आला तो या जोडशब्दांमुळे. आजही ‘आत्महत्या’, ‘बालहत्या’, ‘राजहत्या’ होतात, पण ‘आत्मखून’ किंवा ‘बालखून’ कानाला चालत नाही.

‘वध’ मुळात तटस्थ होता. ‘गोवध’, ‘वधस्तंभ’ आणि कायद्यातला ‘सदोष मनुष्यवध’ यांत कौतुकाचा लवलेश नाही. पण कंसवध, कीचकवध, शिशुपालवध या कथा शतकानुशतके कीर्तनात ऐकून मराठी कानाची सवय अशी झाली की मोकळ्या वाक्यात ‘वध’ आला की मरणारा दुष्ट आणि मारणारा योग्य असे गृहीत धरले जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे घडले त्याला मराठी माणूस ‘वध’ म्हणतो तो यामुळेच. खान चालून आला होता, भेटीत त्यानेच आधी दगा केला असे परंपरा सांगते, आणि समोरासमोरच्या झटापटीत तो मारला गेला. इथे शब्द न्याय देतो, आणि बोलणाऱ्याला तो द्यायचाच असतो.

‘खून’ फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ रक्त. मराठीत तो रक्त सांडण्याच्या गुन्ह्यापुरता उरला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले. राघोबादादांच्या कारस्थानाचा तो भाग होता, म्हणजे आजच्या कसोटीवर उघडउघड राजकीय हत्या. तरीही मराठीने त्याला ‘खून’ म्हटले, कारण तो कोर्टाचा, गुन्ह्याचा शब्द आहे, आणि त्या प्रकरणात रामशास्त्री प्रभुणे न्यायासनावर बसून राघोबांना देहान्त प्रायश्चित्त सांगत होते. ‘साध्या माणसाचा खून, मोठ्या माणसाची हत्या’ असा जो नियम काही मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेला असतो, तो या एका उदाहरणाने खोटा ठरतो. मुलांना हे जरूर सांगा. ‘ध चा मा’ची कथाही याच प्रकरणाची. ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले असे परंपरा म्हणते. कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांवर सोपवू, पण एका अक्षराने माणूस मरतो ही जाणीव मराठीने वाक्प्रचारात जपली आहे, आणि शब्दांच्या सदराला याहून जवळची गोष्ट सापडणार नाही.

तिसरा शब्द. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींना नथुराम गोडसेने गोळ्या घातल्या. न्यायालयात तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली खुनाचा गुन्हा होता, तो सिद्ध झाला, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला गोडसे व नारायण आपटे यांना फाशी झाली. लोकांनी मात्र ‘गांधीहत्या’ हा शब्द धरला, तो ब्रह्महत्या, गोहत्येच्या घडणीतला. म्हणजे मारू नये अशाला मारले. काहींनी त्याच घटनेसाठी ‘वध’ वापरला आणि आजही वापरतात. तो शब्द योगायोगाने येत नाही. मारणारा योग्य होता असे म्हणायचे असते, पण उघड वाक्यात म्हणायचे नसते, तेव्हा ‘वध’ हे काम गुपचूप करतो. वर्गात, पाठ्यपुस्तकात, बातमीत या घटनेला ‘वध’ म्हणणे चूक आहे, आणि आम्ही हे स्पष्ट सांगू.

शेजारच्या नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. जॅक्सनचा ‘वध’ की ‘खून’? क्रांतिकारकांच्या चरित्रांत ‘वध’ आढळतो, इंग्रज सरकारच्या दप्तरात खुनाचा खटला. परीक्षेत, इतिहासाच्या वहीत ‘जॅक्सनची हत्या’ लिहावे. कान्हेरेंचा त्याग सांगायचा असेल तर तो वेगळ्या वाक्यात, कारणांसह सांगावा. क्रियापदावर सगळा भार टाकू नये.

मी तालुक्याचे वार्तांकन करतो. निवडणुकीच्या दिवसांत मारहाणीतून मृत्यू झाला की वरच्या कार्यालयातून ‘राजकीय हत्या’ असे शीर्षक लावून येते. हे बरोबर आहे का? आरोपी, संशयित, मारेकरी हे शब्द कधी वापरावेत? (वार्ताहर, चाळीसगाव)

पहिल्या दिवशी ते शीर्षक बरोबर असण्याची शक्यता फार कमी. हेतू हा तपासाच्या शेवटी कळणारा भाग आहे आणि शीर्षक मात्र पहिल्या तासात लागते. चूक होते ती इथेच.

आपल्या भागात ग्रामपंचायत, विविध कार्यकारी सोसायटी, दूध संघ, बाजार समिती यांच्या निवडणुकांतून वैर धरले जाते. त्यातून कुणी मारले गेले तर पोलिसी मराठीत त्याला ‘राजकीय वैमनस्यातून खून’ म्हणतात आणि तो शब्दप्रयोग चांगला आहे. वैर राजकारणातून आले, पण बांधाचे भांडण, जुनी मारामारी, पैशाचा व्यवहार हेही त्यात मिसळलेले असते. ‘राजकीय हत्या’ म्हटले की मेलेल्या माणसाचे सार्वजनिक स्थान हेच मारण्याचे कारण होते असा दावा होतो. तो दावा तुम्ही करू नका. फिर्यादीत असेल तर फिर्यादीच्या नावावर लिहा.

शब्दांचा क्रम असा ठेवा. प्रेत सापडले आणि कारण कळलेले नाही, तर पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. बातमीतही ‘मृत्यू’ किंवा ‘मृतदेह आढळला’ एवढेच. शवविच्छेदनात किंवा पंचनाम्यात मारल्याचे दिसले आणि खुनाचा गुन्हा दाखल झाला, की ‘खून’. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. त्या दिवसाआधीच्या घटनेला जुने ३०२ च. बातमीत ही दोन्ही कलमे उलटसुलट झालेली आम्ही वारंवार पाहतो. घटना कोणत्या तारखेची, ते आधी पाहा, मग कलम लिहा. ‘जमावाने मारले’ असेल तर १०३ चे दुसरे पोटकलम पाहा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून मारले, तर ते लागते.

माणसांसाठी: नाव पुढे आले पण गुन्ह्यात घेतलेले नाही, तोवर ‘संशयित’. गुन्ह्यात नाव आले की ‘आरोपी’. निकालात दोष सिद्ध झाला की ‘दोषी’, आणि ‘खुनी’ फक्त त्यानंतर. ‘मारेकरी’ हा शब्द अनोळखी माणसांसाठी निर्धोक आहे: ‘मारेकरी दुचाकीवरून पसार झाले’. पण नावाला जोडून ‘मारेकरी अमुक तमुक’ असे निकालाआधी लिहिले, की तुम्हीच न्यायाधीश झालात, आणि आरोपी सुटला तर बदनामीची नोटीस तुमच्या दारात येते. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर अटकेतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. असा जामीन मिळाला म्हणून ‘निर्दोष सुटका’ लिहू नका. तीही नेहमीची चूक आहे.

एक नमुना घेऊ. कच्ची बातमी अशी: ‘माजी सरपंचांची राजकीय हत्या करण्यात आली असून मारेकरी फरार आहेत.’ यात तीन दोष. हेतू गृहीत धरला आहे. ‘करण्यात आली’ या रचनेने करणारा लपवला आहे. ‘फरार’ हा शब्द, ज्याची ओळख पटली आहे आणि जो सापडत नाही, त्याला लावतात. इथे ओळखच पटलेली नाही. दुरुस्त बातमी: ‘माजी सरपंचांचा शनिवारी रात्री कुऱ्हाडीचे वार करून खून झाला. हल्लेखोरांची ओळख पटलेली नाही. निवडणुकीच्या वादातून हा प्रकार घडल्याचे त्यांच्या मुलाने फिर्यादीत म्हटले आहे.’ वाक्ये तीन झाली, पण प्रत्येकाला आधार आहे.

‘मारेकऱ्यांनी’ लिहिताना र जोडताना ‘ऱ्य’ ठेवा. ‘मारेकर्यांनी’ असे टंकले की ‘सूर्य’सारखा उच्चार होतो. मोबाइलवर ‘र’ ऐवजी ‘ऱ’ निवडून पुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ते बरोबर उमटते.

षष्ठीकडेही लक्ष द्या. ‘पोलिसांची हत्या’ म्हणजे पोलीस मेले. पोलिसांनी कुणाला मारले असा अर्थ हवा असेल तर ‘पोलिसांनी केलेली हत्या’ असे फोडून लिहावे लागते. शीर्षकात जागा वाचवायला गेलेल्यांनी हा अर्थ उलटा छापलेला आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे यांच्याबाबत ‘वैचारिक हत्या’ असे भाषणांत ऐकू येते. ते चालते का? (वाचक, जळगाव)

नाही. ‘वैचारिक हत्या’ म्हणजे शब्दशः विचाराच्या पातळीवरची हत्या, जशी ‘वैचारिक मतभेद’. गोळ्या खऱ्या होत्या आणि माणसे खरी मेली. दाभोलकरांवर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात हल्ला झाला आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ‘विचारांमुळे झालेली हत्या’ किंवा ‘विचारविरोधातून झालेली हत्या’ म्हणा. दाभोलकर प्रकरणात मे २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. त्यामुळे हेतू आणि कट यांबद्दल लिहिताना निकालपत्रात जेवढे आहे तेवढेच म्हणावे.

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्यांचे सोबती मारले गेले. शाळेच्या फलकावर ‘राजकीय हत्या’ लिहावे असे एका शिक्षकाने सुचवले. आमचे मत ‘हुतात्मा’ असे आहे. (शाळा समितीचे सदस्य, नंदुरबार)

तुमचे मत बरोबर आहे, आणि दोन्ही शब्द एकमेकांना पर्याय नाहीत हेही ध्यानात घ्या. ‘हत्या’ घडलेले कृत्य सांगते, ‘हुतात्मा’ गेलेल्या माणसाचे मोल सांगते. त्या दिवशी पोलिसांनी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम दास ही मुले गेली. एखाद्याचे पद पाहून, कट करून त्याला मारण्याचा तो प्रकार नव्हता. तो सत्तेने निःशस्त्र मुलांवर केलेला गोळीबार होता. ‘राजकीय हत्या’ म्हटले तर तो गोळीबार झाकला जातो. फलकावर ‘९ सप्टेंबर १९४२ रोजी इंग्रज सरकारच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात हुतात्मा झाले’ असे लिहावे. करणारा वाक्यात राहिलाच पाहिजे.

‘हुत’ म्हणजे आहुती म्हणून अर्पण केलेला. ‘हुत’मधला उ ऱ्हस्व आहे. ‘हूतात्मा’ असे दीर्घ ऊ घालून कोरलेले दगड आम्ही पाहिले आहेत. दगड कोरण्याआधी मजकूर दोघांनी मोठ्याने वाचावा, कारण नंतर दुरुस्ती होत नाही.

बुऱ्हाणपूरला शहाजादा खुसरौची हत्या झाली असे ऐकले. तिकडचे लोक ‘खून’ म्हणतात, एका पुस्तकात नुसते ‘निधन’ आहे. (इतिहासप्रेमी, रावेर)

रावेरच्या पुढचेच बुऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात असले तरी मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य शहर. जहांगीरचा थोरला मुलगा खुसरौ १६०६ मध्ये बापाविरुद्ध उठला, हरला, त्याच्या दृष्टीला इजा करण्यात आली. पुढे त्याला धाकटा भाऊ खुर्रम, म्हणजे नंतरचा शहाजहान, याच्या ताब्यात दिले. जानेवारी १६२२ मध्ये तो बुऱ्हाणपूरला कैदेत मेला. खुर्रमने बापाला कळवले ते ‘कुलंज’ म्हणजे पोटशुळाने मेला असे. तो खुर्रमच्या सांगण्यावरून मारला गेला, हा समज मात्र तेव्हापासून आहे आणि बहुतेक इतिहासकार त्याकडे झुकतात.

अशा वेळी शब्द कमी निवडा आणि आधार जास्त द्या: ‘खुसरौचा बुऱ्हाणपूरच्या कैदेत मृत्यू झाला, दरबाराला पोटशुळाचे कारण कळवले गेले, पण ही हत्या होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते.’ नुसते ‘निधन’ म्हणणे म्हणजे खुर्रमची बाजू घेणे, नुसता ‘खून’ म्हणणे म्हणजे पुराव्यापुढे जाणे. त्याला पुढे अलाहाबादला, आजच्या खुसरौबागेत दफन केले.

‘असॅसिन’ हा शब्द हशीश पिणाऱ्यांवरून आला, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. खरे आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर)

शब्द तिथूनच आला आहे, पण हशीश पिऊन मारायला जायचे ही गोष्ट खरी धरू नका. शिया मुसलमानांतल्या निझारी इस्माइली पंथाच्या हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये इराणातला अलमूत किल्ला घेतला. मोठ्या फौजेशी लढण्याइतके बळ नसल्याने हा पंथ शत्रूच्या वजिरांना, सेनापतींना एकेकटे गाठून, बहुधा कट्यारीने मारत असे. १०९२ मध्ये सेल्जुक तुर्कांचा वजीर निझाम-उल-मुल्क मारला गेला. विरोधक त्यांना ‘हशीशी’ म्हणून हिणवत. ती शिवी होती, सवयीची नोंद नव्हती. क्रुसेडच्या लोकांनी तो शब्द युरोपात नेला आणि मार्को पोलोच्या प्रवासकथेने त्याला स्वर्गासारख्या बागेची आणि गुंगीच्या पेयाची गोष्ट जोडली. पोलो पूर्वेकडे आला तोवर अलमूत पडून गेले होते. मंगोलांनी ते १२५६ मध्येच घेतले. फ्रेंच अभ्यासक सिल्व्हेस्त्र द सासी याने १८०९ मध्ये हशीशशी शब्दाचे नाते दाखवले आणि त्यावरून पुन्हा ती गोष्ट पसरली. नशेत माणूस महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या पदरी नोकर बनून संधीची वाट पाहू शकत नाही, आणि त्यांची पद्धत तीच होती.

ते स्वतःला ‘फिदाई’ म्हणत, म्हणजे जीव ओवाळून टाकणारे. आपण ‘गाण्यावर फिदा झालो’ म्हणतो, तो ‘फिदा’ हाच.

राजकीय हत्येला वेगळे कलम आहे का? (कायद्याची विद्यार्थिनी, शहादा)

नाही. मारलेला पंतप्रधान असो की शेतमजूर, कलम १०३ एकच, शिक्षा एकच: मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि दंड. कट असेल तर जोडीला कलम ६१. राष्ट्रपती किंवा राज्यपालांवर, त्यांनी अधिकार वापरावा किंवा वापरू नये म्हणून, हल्ला करण्याला मात्र वेगळे कलम आहे, १५१. राजीव गांधी प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालची दोषसिद्धी रद्द केली. शिक्षा टिकल्या त्या खून आणि कट यांवर. कायदा हेतूची थोरवी पाहत नाही, म्हणून निकालपत्रांच्या मराठीत ‘हत्या’ऐवजी ‘खून’ हाच शब्द ठेवावा.

‘सुपारी’ हा शब्द खुनाला कसा लागला? लग्नातही सुपारी, देवापुढेही सुपारी, आणि मारायलाही सुपारीच? (गृहिणी, भुसावळ)

सुपारी ही ठरल्याची खूण आहे. यात्रेसाठी तमाशाचा फड ठरवला, लग्नाला बँड ठरवला, की इसार देऊन ‘सुपारी दिली’ म्हणतात, आणि फडवाले ‘सुपारी घेतली’ म्हणतात. सुपारी घेतल्यावर मोडता येत नाही. गुन्हेगारांनी हाच व्यवहार उचलला: काम ठरले, इसार घेतला, आता माघार नाही. ‘विडा उचलणे’ हा जुना भाऊबंद. अफझलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलला तो उघड, सर्वांसमोर. सुपारी अंधारात दिली जाते.

बोलीत ‘काटा काढला’, ‘गेम केला’, ‘पत्ता कट केला’ असेही म्हणतात. बातमीत हे शब्द अवतरणचिन्हांतही नकोत. एका माणसाचा जीव गेलेला असतो आणि त्याच्या घरचे ते वर्तमानपत्र वाचतात. ‘सुपारी देऊन खून’ चालतो, कारण त्यात व्यवहार कसा झाला हे कळते.

‘हत्यार’ शब्द ‘हत्ये’वरून आला का? (विद्यार्थी, दोंडाईचा)

नाही. तो ‘हस्त’ म्हणजे हात, यावरून आला. हातात धरायचे ते हत्यार. म्हणून सुताराचीही हत्यारे असतात. हिंदीतला ‘हत्यारा’ मात्र ‘हत्ये’चाच, पण मराठीत ‘मारेकरी’ असताना तो आणू नये.

माझ्या वर्गातली मुले ‘खुनाची गोष्ट’ आणि ‘खुणेची गोष्ट’ यांत गोंधळ करतात. ‘नकाशावर खून करा’ असे एकाने लिहिले. उपाय सांगा. (प्राथमिक शिक्षक, पारोळा)

दोष मुलांचा नाही. अहिराणीत ‘ण’ उच्चारला जात नाही. पाणी ‘पानी’ होते, तसे खूणही ‘खून’ होते. ‘वावरनी खून’ म्हणजे शेताच्या हद्दीची खूण, आणि ‘त्याना खून व्हयना’ म्हणजे त्याचा खून झाला. घरी दोन्ही शब्द एकाच उच्चाराने येतात आणि मूल कधी चुकत नाही, कारण लिंग वेगळे आहे. तीच वाट वर्गात घ्या.

आधी लिंग विचारा: ती खूण, तो खून. मग अनेकवचन: दोन खुणा, दोन खून. मग षष्ठी: खुणेचा दगड, खुनाचा गुन्हा. षष्ठीत दोन्ही ठिकाणी दीर्घ ‘खू’चा ऱ्हस्व ‘खु’ होतो. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हाच नियम इथे. ‘खूनाचा’, ‘खूणेचा’ ही चूक शहरातली मुलेही करतात. ‘खुनी’तही ‘खु’ ऱ्हस्वच.

उच्चारासाठी मुलांना ‘ण’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायला सांगा. ‘न’ला ते वरच्या दातांमागे लागते. ‘बाण, वाण, घाण, खूण’ आणि ‘पान, रान, कान, खून’ अशा दोन ओळी फळ्यावर लिहून रोज पाच मिनिटे एकाआड एक म्हणायला लावा. लेखन सुधारेपर्यंत ‘नकाशावर खूण करा’ऐवजी ‘नकाशावर ठिपका काढा’ असे देऊ नका; शब्द टाळला की तो येत नाही. आणि घरचा उच्चार चुकीचा आहे असे मुलाला सांगू नका. तो अहिराणीचा बरोबर उच्चार आहे, वहीत फक्त प्रमाण मराठीचा ‘ण’ लिहायचा आहे.